प्रेअरीचं गवत ओळखायचं कसं, बी घ्यायचं कधी आणि किती? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या मूळ गवताळ माळरानावर, एक छोटं टिपण आलं होतं, त्यात शेवटी लिहिलं होतं की प्रेअरी पुन्हा उभी करायच्या कामासाठी शरद ऋतूत स्थानिक गवतांचं बी गोळा करायला स्वयंसेवक लागतात, कुणालाही जाता येतं. त्यावर भरपूर पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केलेत. सीझन तोंडावर आलाय, म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा गवतालाच दिली.

प्रश्न: आम्ही इलिनॉयमध्ये नेपरव्हिलला राहतो. घराजवळच्या फॉरेस्ट प्रिझर्व्हमध्ये सप्टेंबरपासून बी गोळा करायचं काम निघतं. मला जायची खूप इच्छा आहे पण खरं सांगू का, मला सगळं गवत एकसारखंच दिसतं. चुकीचं बी पिशवीत गेलं तर? ओळखायला कुठून सुरुवात करू?

ताई, नक्की जा. आणि सगळं एकसारखं दिसतं ते आपण रस्त्यावरून बघतो म्हणून, आत शिरून एक काडी हातात धरली की फरक दिसायला लागतात. सुरुवातीला चारच गवतं पक्की करा, बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास आणि लिटल ब्लूस्टेम. उंच गवताच्या प्रेअरीत जिकडे बघाल तिकडे हीच चार जास्त दिसतात, ती डोळ्यात बसली की मग पाचवं वेगळं आहे हे आपोआप कळतं.

बिग ब्लूस्टेम सप्टेंबरात माणसाच्या डोक्याच्याही वर जातं, आणि टोकाला तुरा बहुतेक वेळा तीन बोटांत फुटलेला असतो (कधी दोन, कधी चार-पाच पण), त्यामुळे त्याला टर्कीफूट (टर्की पक्ष्याचा पाय) पण म्हणतात. खोडावर निळसर जांभळी झाक असते. इलिनॉयने 1989 साली याला राज्याचं अधिकृत प्रेअरी गवत म्हणून जाहीर केलं. आता त्या तुऱ्यातलं एक बोट नखाने हळूच सोलून बघा, त्यात कणसुल्या (दाणा धरणारी बारीक कणसं) जोडीजोडीने बसलेल्या दिसतील, एक दांड्याला चिकटून आणि तिला वाकडं कुसळ, दुसरी छोट्या देठावर आणि तिला कुसळ नाही. दाणा धरतो तो पहिलीत, दुसरी बहुतेक वेळा नुसतीच नर असते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं ना की पुढे बी साफ करताना पिशवीतल्या ढिगात नेमकं काय शोधायचं ते कळतं.

इंडियन ग्रासचा तुरा एकच, भरगच्च आणि सोनेरी तांबूस. फुलोऱ्यात असताना पिवळे परागकोश लोंबत असतात. पण तुरा यायच्या आधीही ओळखायची एक जागा आहे, पातं जिथे खोडाला मिळतं तिथे पातं थोडं मागे ओढा, आत एक छोटी ताठ जिभली असते आणि तिला दोन बाजूंना कानासारखी टोकं वर आलेली असतात. स्विचग्रासमध्ये त्याच जागी बारीक पांढऱ्या केसांचा पुंजका दिसेल, आणि त्याचा तुरा मोकळा, पसरट, दाणे सुटे सुटे, गुळगुळीत आणि चकचकीत, कुसळ अजिबात नाही. लिटल ब्लूस्टेम कमरेएवढं, झुबक्यात वाढणारं, खोड बुडाशी चपटं (बोटांत धरून फिरवलं तर कळतं), आणि थंडी पडायला लागली की सगळं गवत तांबूस होऊन जातं, बियांवर पांढरे मऊ केस, उन्हात चमकतात.

आता चुका कुठे होतात ते. जॉन्सन ग्रास लांबून इंडियन ग्राससारखं वाटू शकतं पण त्याची पानं रुंद आणि मधली शीर ठळक पांढरी, आणि ते अनेक राज्यांत उपद्रवी तण म्हणून घोषित आहे, त्याचं बी पिशवीत येऊन चालणारच नाही. स्मूद ब्रोम तर प्रत्येक कडेला असतं, त्याच्या पात्यावर मध्यावर इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी चुरगळल्याची खूण असते ती बघा. ओलसर जागी रीड कॅनरी ग्रास माजलेलं असतं. शंका आली की ते बी सोडून द्यायचं, हा नियम कडकपणे पाळा, कारण तणाचं मूठभर बी चांगल्या जागी जाऊन पडलं तर ते काढायला माणसांची वर्षं जातात.

आणि एक, पहिल्या दिवशी तिथल्या लीडरला विचारून एकच गवत घ्या, एक पिशवी एक गवत. सगळं एकत्र करून घरी येऊन निवडू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

प्रश्न: बी तयार झालं हे कसं समजायचं? आणि एका जागेवरून किती घ्यायचं? आयोवात डे मॉइनहून कामाला जाताना रस्त्याच्या कडेला आणि रेल्वेलाइनच्या बाजूला हे गवत मस्त वाढलेलं दिसतं, तिथून घेतलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, परवानगीशिवाय नाही. रस्त्याची कडा असो, रेल्वेची हद्द असो, जुनी दफनभूमी असो, प्रत्येक जमीन कुणाच्या तरी अखत्यारीत आहे. रेल्वेच्या हद्दीत तर जीवाचाही धोका आहे आणि तिथे तणनाशक मारलेलं असू शकतं. नॅशनल पार्क्स आणि राज्यांच्या राखीव नेचर प्रिझर्व्हमध्ये लेखी परमिट लागतं. तुम्हाला हा कागदी त्रास वाटेल, पण आकडे बघा ना. उत्तर अमेरिकेत उंच गवताची प्रेअरी एकेकाळी सुमारे 17 कोटी एकरांवर होती, आज 4 टक्क्यांपेक्षाही कमी उरलीय आणि त्यातली बहुतेक कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथे चुनखडीचा दगड इतका वर की नांगर चाललाच नाही. इलिनॉयमध्ये सव्वादोन कोटी एकरांच्या आसपास प्रेअरी होती, त्यातली चांगल्या प्रतीची एक दशांश टक्काही राहिली नाही. 1837 साली जॉन डिअरने त्याच राज्यात पोलादी नांगर बनवला आणि मुळांनी घट्ट विणलेली ती जमीन फुटायला लागली. आयोवातही तीच गत. म्हणजे तुम्हाला रस्त्याकडेला दिसणारा तो पन्नास फुटांचा पट्टा कदाचित त्या सगळ्या भागातला शेवटचा मूळ तुकडा असेल. तिथून दहा जणांनी येऊन ओरबाडलं तर संपलं. तुमच्या काउंटीत रस्त्याकडेच्या झाडोऱ्याची देखभाल करणारं ऑफिस असेल तर तिथे फोन करा, अनेकदा त्यांनाच माणसं हवी असतात.

तयार बी ओळखायचं ते शेतकऱ्याच्या पद्धतीनेच. दाणा नखाने दाबा. दूध निघालं तर कच्चा, चिकात असेल तर अजून थांबा, नख रुतत नाही आणि आतून पांढरा टणक असेल तर पक्का. दुसरी खूण, तुरा मुठीत हलकेच धरून वर ओढला की बी सहज हातात यायला पाहिजे, जोर लावावा लागत असेल तर परत या. बिग ब्लूस्टेमचा तुरा वरून खाली पिकत येतो, त्यामुळे टोकाचं बी झडायला लागलं की खालचं होत आलेलं असतं. तोडायच्या आधी पाच-दहा दाणे ब्लेडने कापून बघायचेच, कारण बाहेरून भरलेली दिसणारी कणसुली आतून पोचट असणं या गवतांत नेहमीचं आहे. प्रेअरी कॉर्डग्रासमध्ये तर पोचट खूपच, आणि किडीने खाल्लेलंही. दाणेच नसतील तर त्या वर्षी त्या जागेला हात लावू नका, उगाच गवत खराब करून काय मिळणार.

वेळा सगळ्यांच्या सारख्या नाहीत. बहुतेक लोकांना वाटतं सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरातच होतं. जून ग्रास जुलैत पिकून मोकळं होतं. पॉर्क्युपाइन ग्रास जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, आणि ते थोड्याच दिवसांत झडून जातं, त्याचं कुसळ चार ते सात इंच लांब असतं, ओलं-कोरडं झालं की पीळ घेतं आणि सोडतं आणि त्या पिळाने बी स्वतःच जमिनीत घुसत जातं. ते आधी तळहातावर ठेवून थोडं पाणी लावून बघा, फिरताना दिसतं. मोज्यात शिरलं तर मात्र काय होतं ते गावाकडे कुसळात फिरलेल्यांना सांगायला नको. साइडओट्स ग्रामा आणि कॅनडा वाइल्ड राय ऑगस्ट-सप्टेंबरात, मग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास. अक्षांश, पाऊस यांनी आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होतंच.

किती घ्यायचं? अमेरिकेत सरकारी जमिनींवर सीड्स ऑफ सक्सेस नावाचा मोठा उपक्रम चालतो, त्यांचा नियम असा की त्या दिवशी जेवढं पिकलेलं बी उपलब्ध आहे त्याच्या 20 टक्क्यांपेक्षा जास्त घ्यायचं नाही आणि किमान 50 वेगवेगळ्या झुबक्यांवरून घ्यायचं. माझ्या मते लहान तुकड्यावर 20 टक्केही जास्त होतात, तिथे मी दहाच म्हणेन, आणि दुसरा कुणी गट तिथेच येऊन गेलाय का हे जमीनवाल्याला विचारून मग. पन्नास झुबक्यांचं कारण सोपं आहे, चार मोठ्या झुबक्यांवरून पिशवी भरली की बी भरपूर दिसतं पण ती चारच घराण्यांची पोरं. म्हणून चालत राहायचं, उंच-ठेंगणं, उतारावरचं-खोलगटातलं, लवकर पिकलेलं-उशिरा पिकलेलं, सगळ्यांतून थोडं थोडं. नुसतं उंच आणि देखणं निवडत गेलात तर नकळत तुम्ही ते गवत बदलताय.

दव उडाल्यावर जा, कोरड्या दिवशी. कागदी किंवा कापडी पिशवी, प्लॅस्टिक अजिबात नाही, दोन तासात आत वाफ धरते. जाण्याआधी बुटांचे तळवे आणि पँटचे काठ घासून साफ करा, नाहीतर मागच्या जागेचं तण तुम्हीच नेऊन पेराल. आणि पिशवी भरायच्या आधी चिठ्ठी लिहा, नंतर नाही. गवताचं नाव, तारीख, जागा (फोनवरचं लोकेशन सगळ्या आकड्यांसकट), साधारण किती झुबके होते, किती झुबक्यांवरून घेतलं, जमीन कशी होती, परवानगी कुणाची. पत्ता नसलेलं बी संवर्धनाच्या कामाचं नाही, कितीही सुंदर असलं तरी. बी वर्षानुवर्षं जपून ठेवणाऱ्या सीड बँकेत तर त्याच जागेवरच्या झाडाचा वाळवलेला नमुना पण लागतो, म्हणजे ओळखीबद्दल पुढे शंका आली तर पडताळता येतं.

प्रश्न: टेक्ससला राहतो. इथे रस्त्याच्या कडेला एक गवत दिसतं ते मला गावाकडच्या मारवेलसारखं वाटलं. बरोबरच्या अमेरिकन माणसाने ते वाईट गवत म्हणून सांगितलं. कोण बरोबर?

दादा, दोघंही बरोबर असू शकता! तिकडे क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणतात ते आपलं मारवेलच, तीच प्रजाती. दक्षिण टेक्ससमध्ये ते आक्रमक झालंय. त्याचंच जवळचं किंग रँच ब्लूस्टेम तर रस्त्याकडेची माती धरून ठेवायला म्हणून मुद्दाम लावलं गेलं आणि आता मूळ गवतांना हटवत सुटलंय. बफेलो ग्रास नाही, बफेल ग्रास म्हणतात ते, म्हणजे आपलं अंजन, त्याचंही तसंच. आपल्या माळावर गुरांना जीव की प्राण असलेलं गवत तिथे परकं आहे. नावात ब्लूस्टेम आहे म्हणून बी गोळा करू नका, तुमच्याकडचं मूळ सिल्व्हर ब्लूस्टेम वेगळं, त्याचा तुरा पांढरा कापसाळ. मारवेल बघून जीव सुखावतो हे मी समजू शकतो, पण तिथे त्याचं बी पसरवायचं नाही.

प्रश्न: एवढी मेहनत कशासाठी? स्विचग्रास, बिग ब्लूस्टेमचं बी पोत्याने विकत मिळतं, ऑनलाइन मागवता येतं. गवत ते गवत, बी ते बी. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला आमच्या ग्रुपमध्ये यावर वाद झाला म्हणून विचारतो.

वाद झाला हे चांगलंच झालं, कारण हाच या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे.

पोत्यातलं बी बरेचदा चाऱ्यासाठी किंवा जमीन धरून ठेवण्यासाठी निवडून वाढवलेल्या वाणाचं असतं. स्विचग्रासचा केव्ह-इन-रॉक, बिग ब्लूस्टेमचा राउंडट्री हे असे वाण. उंच, दणकट, भरपूर पाला, ते त्यांच्या कामाला उत्तम आहेत. पण तेच पुनर्स्थापनेच्या, म्हणजे प्रेअरी पुन्हा उभी करायच्या, जागी टाकले की जोमाने वाढून बाकीच्या फुलझाडांना जागाच ठेवत नाहीत आणि मग तुमच्या हातात प्रेअरी येत नाही, गवताचं कुरण येतं. प्रेअरीत गवतं मोजकी आणि फुलांच्या जाती ढीगभर असतात, मधमाश्या-फुलपाखरं त्यांच्यावर जगतात.

दुसरं म्हणजे दिवसाची लांबी. ही गवतं दिवस लहान होत गेल्यावर फुलतात आणि प्रत्येक भागातल्या गवताला आपल्या तिथलं घड्याळ माहीत असतं. ओक्लाहोमाचं बिग ब्लूस्टेम विस्कॉन्सिनला लावलं तर ते तिथे उशिरापर्यंत वाढतच राहतं, फुलोऱ्यावर यायलाच उशीर होतो आणि बी पिकायच्या आत हिमदव त्याला गाठू शकतं. उत्तरेकडचं दक्षिणेत नेलं तर लवकर फुलून ठेंगणं राहतं. बाहेरून दोन्ही बिग ब्लूस्टेमच! स्विचग्रासमध्ये तर गुणसूत्रांच्या संचाची संख्याही वेगवेगळी असते, काही चौपट काही आठपट, ते एकमेकांशी नीट संकर करत नाहीत, म्हणजे मूळ छोट्या समूहाशेजारी तुम्ही भलतं आणून टाकलं तर बी धरण्यावरच परिणाम होऊ शकतो.

आता हे टोकाला नेऊ नका हेही सांगतो. काही मंडळी दहा मैलांच्या बाहेरचं बी नकोच म्हणतात. पण दहा मैलांत उरलेला तुकडा एवढासा असेल, त्यात वीस झुबके असतील, तर तिथलं बी आधीच आतल्या आत एकमेकांत वाढलेलं, त्यात जीव कमी. अशा वेळी त्याच प्रकारची माती आणि हवामान असलेल्या थोड्या लांबच्या दोन-तीन जागांचं बी एकत्र करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठातल्या टॉलग्रास प्रेअरी सेंटरने यावर मधला मार्ग काढलाय, आयोवाचे उत्तर-मध्य-दक्षिण असे भाग पाडून प्रत्येक भागातल्या मूळ तुकड्यांवरून थोडं थोडं बी घ्यायचं, ते वाफ्यात वाढवायचं आणि मग बियाणं पिकवणाऱ्यांकडे द्यायचं. त्या बियाण्याला पिवळा टॅग लागतो, त्यावर उगम लिहिलेला असतो. त्यामुळे विकत घ्यायला माझा विरोध अजिबात नाही, मोठ्या जमिनीला हाताने गोळा केलेलं पुरणारच नाही. फक्त टॅग वाचा. उगम लिहिलेला नसेल तर विचारा आणि सांगता येत नसेल तर घेऊ नका.

तुमच्या मॅडिसनलाच विद्यापीठाच्या अर्बोरेटममध्ये कर्टिस प्रेअरी आहे, 1930 च्या दशकात शेतजमिनीवर सुरू केलेली, पुनर्स्थापित प्रेअरींमधली सगळ्यात जुनी. आणि शिकागोजवळच्या फर्मीलॅब या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्राध्यापक रॉबर्ट बेट्झ यांनी 1970 च्या दशकात ॲक्सिलरेटरच्या (कणांना वेग देणाऱ्या यंत्राच्या) भल्यामोठ्या रिंगच्या आत प्रेअरी उभी केली, सुरुवातीचं बी स्वयंसेवकांनी आसपासच्या उरल्यासुरल्या तुकड्यांवरून हातानेच गोळा केलं होतं. ग्रुपला घेऊन दोन्ही बघून या.

प्रश्न: मैत्रिणीच्या शेतावरून तिच्या परवानगीने लिटल ब्लूस्टेम आणि साइडओट्सचं बी आणलंय. गॅरेजमध्ये पिशव्या तशाच आहेत. पुढे काय करू?

पिशव्या आजच उघडा. जुन्या चादरीवर किंवा वर्तमानपत्रावर पातळ पसरा, सावलीत, हवा खेळती हवी, पंखा लावला तर दुसऱ्या खोलीतून हलका, नाहीतर लिटल ब्लूस्टेमचं बी घरभर उडेल. दिवसातून एकदा हाताने खालीवर करा. पहिले दोन-तीन दिवस त्यातून अळ्या, कोळी, किडे बाहेर निघतात, त्यांना जाऊ द्या. दोन ते तीन आठवड्यांत काडी वाकवली की कडकन तुटायला लागते, मग समजायचं वाळलं.

मग हातमोजे घालून जाड चाळणीवर घासायचं, काड्या वर राहतात. साइडओट्सच्या लोंबत्या कणसुल्या अख्ख्याच ठेवल्या तरी चालतात. लिटल ब्लूस्टेमचे केस काढायच्या मागे लागू नका, यंत्राने पेरायचं असेल तरच त्याची गरज, हाताने फेकायचं असेल तर ओलसर वाळूत कालवलं की झालं. उफणताना काळजी घ्या, वारा जास्त असला की तुसाबरोबर चांगलं बी पण जातं, इतकं हलकं असतं ते.

साठवणीचा एक सोपा हिशेब आहे, फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली आर्द्रता टक्क्यांत, दोन्हींची बेरीज शंभरच्या आत राहिली पाहिजे. पूर्ण वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये. अर्धवट ओलं बी बरणीत बंद केलं तर मात्र ते बुरसतं. चिठ्ठी एक आत आणि एक बाहेर. उरलेलं बी ठेवून सडवण्यापेक्षा जवळच्या पुनर्स्थापनेच्या कामाला विचारून द्या, पत्ता लिहिलेला असेल तर आनंदाने घेतील.

प्रश्न: घरामागे जेमतेम दोन कॉटच्या आकाराची जागा आहे. तिथे काय लावू, आणि कधी?

बिग ब्लूस्टेम आणि स्विचग्रास नको, एवढ्या जागेला ते खूप होतात. ऊन भरपूर असेल आणि पाणी साचत नसेल तर लिटल ब्लूस्टेम आणि प्रेअरी ड्रॉपसीड. ड्रॉपसीडची पानं केसांसारखी बारीक, आणि ऑगस्टात ते फुललं की जवळ गेल्यावर धन्यासारखा वास येतो, काहींना पॉपकॉर्नसारखा वाटतो. त्याचं बी गोल आणि लगेच गळणारं असतं, तुऱ्याखाली वाटी धरून टिचकी मारा.

जमीन गोठायच्या आधी, नोव्हेंबरच्या आसपास, आधीचं गवत-तण पूर्ण काढून उघड्या मातीवर टाका, पाव इंचापेक्षा खोल नको, पायाने दाबा. थंडीत आणि हिमाच्या गोठण्या-वितळण्यात बी आपली जागा धरतं. पहिल्या उन्हाळ्यात वर फारसं काही दिसणार नाही, सगळी वाढ मुळांची चाललेली असते, तेव्हा तण वाढलं की चार ते सहा इंचांवर कापत राहा, उपटू नका, उपटताना बारकी रोपं पण निघून येतात. फुलोरा बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. ड्रॉपसीड बियांपासून फार सावकाश येतं, त्याची तयार रोपं मिळाली तर तीच लावा आणि बी लिटल ब्लूस्टेमचं टाका.